मोटारीची नोंद कुणाच्या हाती?

बारामतीत उसावर चाललेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगाची चर्चा जगभर झाली. अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ त्यात एकत्र आहेत. २०२५ साली खुद्द मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी त्याचा दाखला दिला. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रह यांची माहिती क्लाउडवर जाते आणि पाणी-खताचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. त्याचं मोल मी कमी करणार नाही. मला छळतो तो त्याच्या शेजारचा प्रश्न. शेतातली माहिती तिसऱ्याच्या हाती देताना आपण नेमकं काय देत असतो?

त्यासाठी दोन माणसं कल्पिली आहेत. भाचा बारामतीत राहतो आणि एका लहान शेतकरी गटाचा सर्व्हर सांभाळतो. त्यावरून अॅपने चालणाऱ्या गटाच्या पाण्याच्या मोटारी इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. मामा तिथलेच, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात जन्मभर चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी लिहिणारे, होते.

"मामा, सर्व्हरच्या सगळ्या नोंदी बाहेरच्या एका कंपनीकडं पाठवायच्या म्हणतोय. ती चोवीस तास लक्ष ठेवते. काही बिघडलं की मला फोन येतो."

"आपलं आपल्याला बघता येत नाही?"

"येतं की, सर्व्हर चालू असेपर्यंत. पण तो बंद पडला, तर बंद पडलो हे तो सांगणार कसा? ऐन उन्हाळ्यात मोटारी चालल्या नाहीत आणि पाण्याची पाळी हुकली, तर खोडव्याला ताण बसतो."

मामा जरा थांबले. "उसाच्या वजनकाट्याचं तसंच असतं. आमचा काटा बरोबर आहे, असं कारखान्यानंच सांगून भागत नाही. म्हणून वैधमापनवाले येतात, भरारी पथक येतं. बाहेरचा डोळा पाहिजेच. पण तो काटा तपासतो. सभासदाच्या घरात काय चाललंय ते तो लिहून नेत नाही. तुझी कंपनी काय काय नेणार?"

"सर्व्हरवर ताण किती, मेमरी किती उरली, उत्तर किती वेळात गेलं. आणि लॉगमध्ये कुठली मोटार कधी चालू झाली, कुणी कधी अॅप उघडलं, हेही असतं."

"म्हणजे यंत्राची तब्येत आणि माणसाचा दिनक्रम, दोन्ही एकदमच चाललेत."

"पण त्यात गुपित काय आहे? मोटार चालू झाली, बंद झाली."

"मी लागणीच्या तारखा लिहायचो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू. तारखेत तरी काय गुपित होतं? पण तोडीचा क्रम तिच्यावर ठरायचा. नोंद मागंपुढं झाली की एकाचा ऊस वेळेत जायचा आणि दुसऱ्याचा तुरे येऊन उभा राहायचा. मात्र चुकलं तर शेतकरी कारखान्याच्या गट ऑफिसात येऊन माझ्याशी भांडायचा. तुझ्या कंपनीशी भांडायला त्यानं कुठं जायचं?"

इथे इंदापूरचं पाणी आठवावं लागतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये उजनीतून इंदापूरला ५ टीएमसी सांडपाणी देण्याचा निर्णय झाला, सोलापूर जिल्ह्यात आंदोलनं उभी राहिली आणि मे महिन्यात तो रद्द करावा लागला. ज्या पाण्यावरून पुणे आणि सोलापूर हे दोन जिल्हे समोरासमोर येतात, त्यातून कुणाची मोटार रात्री किती तास उपसा करते ही नोंद निरुपद्रवी कशी म्हणायची? टंचाईत फुगवट्यावरच्या मोटारींची वीज मोजक्या तासांवर येते, तेव्हा तर नाहीच.

"मग सगळ्यांच्या सह्या घेतो," भाचा म्हणाला. "२०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदाच आहे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं असलं पाहिजे, असं त्यात म्हटलंय."

"सह्या मीही घेतल्या. वाचून कोण करतं? आणि ज्याचं पाणीच तुझ्या अॅपवर चालतं, तो नाही म्हणेल?"

"बरं, नावं काढून टाकतो. मोटारीला नुसता नंबर."

"त्या कडेला जमिनीच्या एका गट नंबरात बहुधा एकच मोटार असते. तुझा नंबर आणि जागा कळली, की सातबाऱ्यावर नाव सापडलंच."

भाचा चिडला. "मग काहीच पाठवायचं नाही का? लॉग नसला तर बिघाड शोधण्यातच दिवस जातो. त्या दिवसात ज्याची पाण्याची पाळी हुकते तो तुमचाच शेतकरी आहे, मामा."

हे त्याचं म्हणणं मला फार खरं वाटतं. माहिती घरात ठेवली म्हणजे सोवळं पाळलं, असं होत नाही. त्याची किंमत कुणाच्या तरी पिकातून जाते, आणि बहुधा ज्याच्याकडे दुसरी विहीर नाही त्याच्याच. मामांनाही ते पटलं असावं, कारण त्यांनी आवाज खाली आणला.

"लक्ष ठेवायला कमीत कमी किती लागतं?"

"खरं सांगायचं तर फार नाही. दर मिनिटाला 'चालू आहे' एवढा एक इशारा. तो थांबला की तिकडून फोन. ताण आणि मेमरीचे आकडेही देता येतील, त्यात माणूस नसतो. मोटारींचा लॉग इथंच ठेवायचा, थोडे दिवस, मग पुसायचा. मोठा बिघाड झाला तर तेवढ्याच तासांचा तुकडा द्यायचा, मोटारीचा नंबर आणि जागा खोडून."

"तुकडा दिला हे कुठं लिहिणार?"

"गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकतो."

"ते वर सरकून जातं. प्रोसिडिंग बुकात लिही. कधी दिला, का दिला, कुणाला दिला. म्हणजे जाब विचारायला कागद राहील. आणि एकदोघं म्हणाले, आमचा तुकडाही नको, तर?"

"त्यांच्या मोटारी वगळता येतील. पण त्यांचा बिघाड सापडायला उशीर लागेल."

"मग हे त्यांना सही घ्यायच्या आधी सांग. माझ्यासमोर सांग, मी येतो."