खळ्यातली धूळ



अर्णान यबूसीच्या खळ्यावर शलमोनाने मंदिर बांधले (२ इतिहास ३). सूप हाती घेऊन खळे झाडणाऱ्याविषयी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने सांगितले (मत्तय ३). जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाने आपल्या पहिल्या कादंबरीच्या शेवटल्या भागास ‘खळे’ हेच नाव दिले आहे. ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ (१९५३) ही ती कादंबरी. न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्ती, उपदेशक असलेला सावत्र बाप, हे सारे त्याच्या स्वतःच्या बालपणातले.

कादंबरीतल्या योहानाला त्या दिवशी चौदा वर्षे पुरी होतात, आणि वाट्याला काम येते गालिचा झाडण्याचे. धूळ उडते, नाकातोंडात जाते, घामाने अंगाला चिकटते, आणि फिरून गालिच्यावर बसते. ही धूळ कसली? बाप गब्रीएल मंडळीत डीकन आहे. पूर्वी परस्त्रीपासून झालेल्या मुलाला त्याने कधी आपला म्हटले नाही. योहानाच्या आईशी लग्न करताना तिच्या मुलाला पोटच्यासारखे वागवीन असे वचन दिले, तेही पाळले नाही. घरात ह्याविषयी कोणी बोलत नाही. झाडू मात्र मुलाच्या हाती!

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना नावे ओळखू येतील: गब्रीएल, अलीशिबा, योहान. लूक १ मधला गब्रीएल योहानाच्या जन्माची आनंदवार्ता आणतो. ह्या गब्रीएलाला मुलात आनंद दिसत नाही. बापाला स्नान करताना पाहिल्याने आपण हामासारखे शापित झालो की काय, अशी धास्ती ह्या मुलाला वाटते. आपण वर्गात नोहाची गोष्ट सांगून पुढच्या धड्याकडे वळतो. मूल ती घरी नेऊन आपल्या बापाला लावून पाहते.

त्याच रात्री, स्वतः झाडलेल्या मंदिरात, वेदीपुढच्या धुळीत योहान पडतो, आणि पहाटे तारण पावून उठतो. पुष्कळांना येथे थांबून ही एक साक्ष झाली असे म्हणावेसे वाटेल. मला तसे वाटत नाही. मळणी झाली ती मुलाची; बाप खळ्याच्या कडेला उभाच राहिला. खुद्द बाल्डविन चौदाव्या वर्षी उपदेश करू लागला व सतराव्या वर्षी व्यासपीठ सोडून गेला. त्याला केवळ अविश्वासी म्हणून आपण मोकळे होऊ नये.

उपासनेहून सारी परततात. घराच्या दाराशी योहान हसून बापाकडे वळतो. बाप हसत नाही.