स्वयंवह चाक आणि सत्याचा हिशेब

काही दिवसांपूर्वी अनुवादसेवेसाठी माझ्याकडे एक हिंदी लेख आला. विषय होता प्राचीन भारतीय विज्ञान. त्यात एक वाक्य होते : भास्कराचार्यांनी इंधनाशिवाय अखंड चालणारे यंत्र बनवले होते आणि त्याच तत्त्वावर आज ‘मुक्त ऊर्जे’ची इंजिने चालू शकतात. वाक्य वाचून अभिमान वाटला. भास्कराचार्य तर आपल्या जवळचे! चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंदही आहे.

पण अनुवाद करताना मूळ संदर्भ पाहावा, असे आम्हाला सांगितलेले आहे. म्हणून पाहिला.

११५० मध्ये पूर्ण झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात यंत्रांचे एक प्रकरण आहे. तेथे स्वयंवह, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन खरोखरच आहे. हलक्या लाकडाचे चाक, त्याला एकाच दिशेने किंचित वाकलेल्या पोकळ आऱ्या, त्या पाऱ्याने अर्ध्या भरून तोंडे बंद केलेली. असे चाक दोन आधारांवर ठेवले की ते स्वतःच फिरते, असे तेथे म्हटले आहे. मात्र त्याच प्रकरणात आचार्य पुढे सांगतात, की अशी स्वयंवह यंत्रे चमत्कृतीच्या विद्येतली आहेत; पूर्वीच्या आचार्यांनी ती सांगितली म्हणून आपणही सांगितली. लेखात वर्णन आले होते, ही पुढची कबुली गळली होती.

असे चाक का फिरत राहत नाही? एका बाजूचा पारा आसापासून दूर सरकतो, म्हणून ती बाजू जड वाटते. पण दुसऱ्या बाजूला पारा आसाच्या जवळ असला तरी तो जास्त आऱ्यांमध्ये असतो. पूर्ण फेरीची बेरीज केली की शिल्लक शून्य येते. त्यातही आस घासतो, हवा अडवते आणि हाताने दिलेली गती संपली की चाक थांबते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हे लगेच पटते : जमा नसताना खर्च दाखवता येत नाही.

तरीही माणसाने ही आशा सोडली नाही. अशा यंत्रांची तपासणी यापुढे करणार नाही, असे पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच जाहीर केले होते. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जॉन कीली यांनी ‘ईथर’च्या शक्तीवर चालणारी मोटर दाखवून कित्येक वर्षे गुंतवणूकदारांकडून पैसे घेतले. १८९८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या कार्यशाळेच्या तळघरात दाबलेल्या हवेसाठीचा मोठा लोखंडी गोळा सापडला. आपल्याकडे, कैगा अणुऊर्जा प्रकल्पाशी संबंधित असलेले अभियंते परमहंस तिवारी यांनी अवकाश रिकामे नसून त्यातूनच ऊर्जा मिळते असे मांडले आणि तसे जनित्र बनवल्याचा दावा केला. विज्ञानजगताने तो स्वीकारलेला नाही. प्रत्येक दावेदार फसवणारा असतो असे नाही. कित्येक जण प्रामाणिकपणे कष्ट करतात. पण प्रामाणिकपणा म्हणजे पुरावा नव्हे.

या वादात एक गंमत दिसते. यंत्र कसे चालते यावर लोक तासन्‌तास बोलतात. कोणी चुंबक म्हणतो, कोणी आकाशतत्त्व, कोणी प्राणशक्ती. पण ते चालते का, हा पहिला प्रश्न मागेच राहतो. परीक्षा खरे तर सोपी आहे. यंत्र सर्व तारांपासून, बॅटरीपासून सोडवावे, निर्माण झालेली वीज त्यालाच परत द्यावी आणि उरलेल्या विजेवर एक दिवा महिनाभर सर्वांसमोर पेटता ठेवावा. तो पेटता राहिला तर विज्ञानाला पुस्तके बदलावी लागतील, आणि त्याने ती बदलावीतच.

साधकासाठी हा केवळ विज्ञानाचा विषय नाही. श्रमाशिवाय फळ हवे, ही इच्छा आपल्या सर्वांच्या मनात कुठेतरी असते. साधनेतही आपण तिला घेऊन येतो : जप न करता शांती हवी, सेवा न करता पुण्य हवे. दुसरा मोह याहून सूक्ष्म आहे. पूर्वजांचा गौरव होत असेल तर असत्यही गोड लागते. पण ज्यांनी स्वतः कबुली दिली, त्यांची कबुली पुसून आपण त्यांना कसले मोठे करणार? श्रद्धेला खोट्या टेकूची गरज पडू लागली, तर श्रद्धाच तपासून पाहावी.

मी जयपूरला राहते. येथील जंतरमंतरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्यात चाक नाही, पारा नाही. सूर्य सरकतो तशी त्याची सावली संगमरवरी कमानीवर मिनिटाला सुमारे सहा सेंटीमीटर सरकते आणि वेळ दाखवते. ते यंत्र स्वतःची शक्ती आहे असे कधी भासवत नाही. घेतले ते सूर्याकडून घेतले, हे त्याच्याकडे पाहताच कळते. याच सवाई जयसिंहांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. दुसऱ्याचे ज्ञान दुसऱ्याचे म्हणून स्वीकारायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

मी समन्वयक दादांना विचारले, “ते वाक्य काय करू? लेख ज्येष्ठ साधकांचा आहे.” दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्यांना फोन कर आणि काय सापडले ते सांग.” फोन करताना हात थरथरत होता. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बेटा, तो उतारा मला पाठव.” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ते वाक्य बदलून पाठवले.

त्या दिवशी मला कळले, सत्य सांगणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्याचेही तप असते. पुढच्या वेळी अभिमान वाटावा असा एखादा संदेश हाती आला, तर पुढे पाठवण्याआधी आपण क्षणभर थांबूया आणि विचारूया : हे खरे आहे का, की मला ते खरे असावेसे वाटते?