नाव ठेवणे आणि नावं ठेवणे

मराठीत मुलाला 'नाव' ठेवतात आणि शेजाऱ्याला 'नावं' ठेवतात. फरक काय तो एका अनुस्वाराचा! पण कास्पियन समुद्राकाठच्या अझरबैजानात लोक कधीकधी ही दोन्ही कामं एकाच दमात उरकत. तिथे मुलीचं एक नाव आहे 'बॅस्ती'. कानाला गोड लागतं, नाही? अर्थ मात्र 'बस्स झालं!' पंगतीत ताटावर हात आडवा धरून आपण वाढप्याला सांगतो ना, तेच. मूळ शब्द फारसी. आपल्याकडे तो पंगतीत आला, तिकडे पोरींच्या नशिबी. मुलीमागून मुली झाल्या की पुढचा तरी मुलगा व्हावा, म्हणून हे नाव. 'किफायत', 'तमाम', 'येतेर' या तिच्याच बहिणी. आपली किफायत म्हणजे काटकसर. तिकडची म्हणजे 'एवढ्या पुरेत'.

गंमत बघा, अर्ज देवाच्या नावे आणि चिकटवला पोरीच्या कपाळावर! देव तो वाचतो की नाही, कोण जाणे. पोर मात्र हजेरीपटावर रोज ऐकते आणि वर 'हजर' म्हणते.

आपण हसायचं कारण नाही. आपल्या सातारा जिल्ह्यात 'नकोशी' होत्याच की! २०११ साली तिथे २८५ नकोशींना समारंभाने नवी नावं दिली. छान झालं. पण खोट नावात होती की ठेवणाऱ्यात? पूर्वी निदान पोर जन्माला येई, मग 'बस्स' म्हणत. पुढे सोनोग्राफी आली आणि बारशापर्यंत थांबायचीही गरज उरली नाही. अझरबैजान काय, महाराष्ट्र काय, मुलींचा आकडा घसरला तो असाच.

तिकडे एक बॅस्ती बागिरोवा होऊन गेली. कापसाच्या शेतात राबणारी बाई. सोव्हिएत सरकारने तिला 'समाजवादी श्रमवीर' हा किताब १९४७ साली दिला आणि १९५० साली पुन्हा दिला. 'पुरे' नावाच्या बाईला एक किताब काही पुरला नाही!

तेव्हा नाव आईबाप देतात, पण त्यात अर्थ भरते ती मुलगीच. मात्र तेवढ्याने आईबाप सुटत नाहीत. पोरीने विष पचवलं म्हणून देणाऱ्याला कुणी वैद्य म्हणत नाही. 'बस्स' म्हणायचंच असेल, तर ते पोरी मोजण्याच्या या हिशेबाला म्हणावं.