देवाघरचा न्याय

कीर्तनात चोखोबांचे निर्याण निघाले, की कुणीतरी हटकून विचारतोच, ‘देवानं हे कसं होऊ दिलं?’ प्रश्न खोटा नाही. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळली आणि एवढा भक्त मजुरांबरोबर ढिगाऱ्याखाली गेला.

आम्ही न्याय म्हणजे तराजू समजतो. इतके नाम घेतले, तितके आयुष्य पदरात पडावे! देव काही वाणी नव्हे. भिंत का पडली, ते आम्हांस सांगता येत नाही. ‘पूर्वकर्म’ म्हणून हात झटकणे तर मुळीच पटत नाही. गाडल्या गेलेल्या मजुराच्या बायकोला ते सांगून पाहावे.

पण त्याआधी जन्मभर चोखोबा देवळाबाहेर उभे राहिले, ते काय देवाने ठेवले? कुलूप माणसांचे, किल्ली माणसांच्याच कमरेला, आणि नाव मात्र देवाच्या न्यायाचे!

नामदेवरायांनी अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी दिली, असे परंपरा सांगते. तिथून गाभारा तो किती लांब? १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणास बसले, तेव्हा कुठे ते दार हरिजनांना उघडले. मधली सहाशे वर्षे माणसे त्या समाधीच्या बाजूने आत जातच होती.