बारा रकान्यांपलीकडचा गाळ

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागे सरलं की भीमेच्या काठाला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. पोकलेन गाळ उपसत राहतो, ट्रॉल्या भरून निघत राहतात. ओला असताना हा गाळ चपलेला सोडत नाही. वाळला की हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत शिंपल्यांच्या जोडीला प्लास्टिकच्या चिंध्या दिसतात. नीरा आणि भीमा यांच्या मधल्या पट्ट्यातल्या, कळससारख्या गावांच्या मुरमाड रानांना या गाळाचं मोल फार. एक जाड थर पसरला की पाणी न धरणारं रान पाणी धरतं. राज्य सरकारने 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, त्यामागचा विचार चांगलाच होता. गाळ रानात नेण्याला माझा विरोध नाही. किती घनमीटर नेला याचा हिशोब ठेवला जातो, पण त्यातून काय आलं हा प्रश्न मागे पडतो. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

हा गाळ येतो कुठून? पवना मुळेला मिळते, मुळा-मुठेचा संगम पुण्यात होतो, इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते आणि रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठाही भीमेत उतरते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी याच वाटेने उजनीत पोचतं. मैला वाटेत कुजतो, बराचसा निवळतो. धातूंचं तसं नाही. शिसं, कॅडमियम, पारा यांचं विघटन होत नाही. बॅटरीतून, मुलाम्याच्या टाकीतून, रंगातून सुटलेले त्यांचे कण बारीक चिकणमातीला चिकटतात आणि पाणी जिथे थांबतं तिथे तळाला बसतात. भीमेचं पाणी 1980 पासून उजनीच्या भिंतीमागे थांबतं आहे. म्हणून वरचं पाणी तपासून ‘ठीक आहे’ म्हणणं पुरेसं नाही. धातूंचा हिशोब तळात असतो.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मुळातच तांबं, क्रोमियम, निकेल बरंच असतं. ते नमुन्यात सापडलं की लगेच कारखान्याकडे बोट दाखवणं चूक ठरेल. शिसं आणि कॅडमियम मात्र या दगडात फार थोडं. ते वाढलेलं दिसलं तर ते बाहेरून आलं, असं समजायला जागा आहे.

कॅडमियम काय करतं हे जगाला जपानच्या तोयामा भागात कळलं. जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची खाण होती, खालच्या अंगाला भातशेती. खाणीतलं कॅडमियम नदीत आलं, पाटाने खाचरांत शिरलं, मातीत बसलं आणि भातात उतरलं. आजारी पडल्या त्या प्रामुख्याने चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या, अनेक बाळंतपणं झालेल्या शेतकरी बायका. हाडं इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीने मोडायची. त्यांच्या कण्हण्यावरूनच आजाराला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हे नाव पडलं. सुरुवातीला कुपोषण म्हणून, बायकांचं नेहमीचं दुखणं म्हणून, तो बाजूला सारला गेला. डॉ. नोबोरू हागिनो या स्थानिक डॉक्टरने खाणीकडे बोट दाखवलं, पण जपान सरकारने मान्यता द्यायला 1968 उजाडलं. पुढे दूषित शेतांची माती बदलण्याचं काम तीस वर्षांहून जास्त चाललं. उजनीकाठी तसं झालं आहे, असा माझा दावा नाही. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो: वर उद्योग, मध्ये नदी, खाली शेत आणि शेवटी बाईचं शरीर. पुरावा मिळाला तो त्या शेवटच्या टोकाला.

त्या बायकाच का? शरीरात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम जास्त शोषतं, हे त्याचं एक कारण. महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त, 54 टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. मूत्रपिंडात शिरलेलं कॅडमियम निम्मं व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. त्यात तंबाखूचं पान हा धातू साठवणारं, म्हणून मिशेरी लावणाऱ्या बाईवरचा भार आणखी वाढतो. मुलांच्या बाबतीत शिशाची भीती जास्त. खाल्लेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट लहान मूल शोषून घेतं. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखीच. मेंदू घडत असताना झालेलं ते नुकसान नंतर भरून येत नाही. शिशाची सुरक्षित अशी पातळी जागतिक आरोग्य संघटनेला सांगता आलेली नाही. या सगळ्याची लक्षणं काय? थकवा, फिकटपणा, अभ्यासात मागे पडणं, उतारवयात वाढलेलं क्रिएटिनिन. दवाखान्यात रोज दिसणाऱ्या या तक्रारींतून धातूची शंका कुणाला येणार?

आपल्या जमिनीची एक जमेची बाजू आहे. चुनखडीची, अल्कधर्मी माती धातूंना घट्ट धरून ठेवते, पिकात सहज जाऊ देत नाही. पण पाटपाण्याने क्षारपड झालेल्या रानात, जिथे क्लोराइड वाढलेलं असतं, तिथे कॅडमियम पुन्हा मोकळं होतं. मातीत जस्त कमी असेल तर मुळं जस्ताच्याच वाटेने कॅडमियम आत घेतात. पालक, मेथीसारख्या पालेभाज्यांत ते उसापेक्षा कितीतरी जास्त चिंतेचं. म्हणजे एकाच गावात एका रानात गाळ निर्धोक असू शकतो आणि दुसऱ्यात नसू शकतो. सरसकट भीती आणि सरसकट निश्चिंती, दोन्ही इथे निरुपयोगी.

माती तपासून शेतकऱ्याला 2015 पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा रकाने आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. पीक किती येईल हे या बारांतून कळतं. खाणाऱ्याचं काय होईल हे कळत नाही. आपल्याला तपासणी जमत नाही असंही नाही. कळस-बोरीच्या पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदाराला ‘रेसिड्यू’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधक रसायनाच्या अंशावरून युरोपने भारतीय द्राक्षं अडवली, आणि त्या धक्क्यानंतर बागायतदार, प्रयोगशाळा, मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सगळे तपासणीला आणखी काटेकोर झाले. परक्या गिऱ्हाइकाने माल नाकारला तेव्हा ते घडलं. गावातली बाई आपल्याच रानातली मेथी नाकारू शकत नाही, म्हणून तिच्या वतीने नियमाने उभं राहायला हवं.

मागणी मोठी नाही. उजनीच्या ज्या ठिकाणाहून गाळ उचलायचा, तिथले नमुने आधी शिसं, कॅडमियम आणि पाऱ्यासाठी तपासावेत आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. गाळ पडलेल्या रानाच्या पत्रिकेत कॅडमियम आणि शिशाचे दोन रकाने वाढवावेत. लोहाच्या गोळ्यांनीही हिमोग्लोबिन वाढत नसलेल्या मुलांच्या रक्तात शिसं तपासण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी असावी. हा खर्च कळसच्या शेतकऱ्यावर टाकू नये. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या महापालिकांनी आणि औद्योगिक वसाहतींनी तो उचलावा, आणि पहिला नमुना पुढच्या उन्हाळ्यात पहिली ट्रॉली भरण्याआधी घेतला जावा.