ट्रंकेतले दोन फोटो

आमच्या कोकणातल्या जुन्या मुस्लिम घरांत भिंतीवर माणसांचे फोटो फारसे दिसत नसत. ज्या खोलीत नमाज पढायची तिथे तसबीर नको, असा दंडकच होता. याचा अर्थ फोटो नव्हते असा नाही. ते ट्रंकेत असत. निकाहनामा, सातबारा आणि मनिऑर्डरीच्या पावत्यांच्या सोबतीला. आमच्या आजोळच्या ट्रंकेतून असे दोन फोटो निघाले आणि त्यांनी आम्हाला एका प्रश्नात अडकवून ठेवले. मेलेल्या माणसाचे आपण काय देणे लागतो, मोठेपणा की खरेपणा?

पहिला फोटो नानांच्या वालिदांचा. ताठ उभा तरुण, पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या, खांद्यावर पितळी आकडे. भिंगातून पाहिले तेव्हा ते ११४ असल्याचे दिसले. म्हणजे ११४ वी मराठा पलटण, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, लढलेली. त्या काळच्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? आम्हालाही ठाऊक नव्हती. कळली तेव्हा छाती फुगली. शाळेच्या भाषणात सांगायला यापेक्षा चांगले काय मिळणार?

पण पुढचा विचार टाळता आला नाही. मेसोपोटेमियात समोर कोण होते? तुर्क. हिंदुस्थानातल्या अनेक मशिदींत जुम्याच्या खुतब्यात ज्या सुलतानाचे नाव घेतले जाई, त्याची फौज. नोव्हेंबर १९१४ मध्ये त्याच सुलतानाच्या दरबारातून जिहादचा पुकारा झाला होता. १५ फेब्रुवारी १९१५ रोजी सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फन्ट्रीतील मुस्लिम शिपायांनी बंड केले आणि त्यांपैकी ४७ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. आमच्या पणजोबांनी बंड केले नाही. ते लढले, परत आले, पगाराच्या शिलकीतून भाताचे एक शेत घेतले. जुलै १९२१ मध्ये कराचीच्या खिलाफत परिषदेने इंग्रजी फौजेतील नोकरी मुसलमानाला हराम असल्याचा ठराव केला आणि त्यापायी मौलाना मोहम्मद अली, शौकत अली, हुसैन अहमद मदनी यांना दोन दोन वर्षे सक्तमजुरी भोगावी लागली. ते शेत अजून आमच्याकडे आहे. त्याचा भात खाऊनच आमच्या अम्मी वाढल्या. तो हरामाचा होता असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही, आणि त्या तिघांची कैद फुकट गेली असेही म्हणवत नाही. पणजोबांनी हा पेच कसा सोडवला, की त्यांना तो पडलाच नाही, हे फोटो सांगत नाही. चेहऱ्यावर फक्त कॅमेऱ्यापुढचा अवघडलेपणा आहे.

दुसरा फोटो खुद्द नानांचा. गोल टोपी, निळी कॉलर, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. घरात सांगितले जाई की नाना नौदलात तोपची होते आणि १९४६ च्या बंडात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या प्रशिक्षण केंद्रातून ते बंड सुरू झाले. त्याच्या मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. ही दोन नावे एकत्र उच्चारताना आम्हाला नेहमीच बरे वाटत आले आहे. दर १५ ऑगस्टला आम्ही नववीच्या वर्गाला हा प्रसंग सांगत असू आणि शेवटी हळूच जोडत असू, "आमचे नानाही त्यात होते."

यंदा सुट्टीत फोटो नीट पाहिला. टोपीच्या पट्टीवर फक्त 'एच.एम.आय.एस.' एवढीच अक्षरे. युद्धकाळात गुप्ततेसाठी जहाजाचे नाव गाळत, म्हणून पुढे कोरे. उजव्या बाहीवर जहाजाच्या पंख्याचे चिन्ह. हे चिन्ह तोपचीचे नव्हे, स्टोकरचे. म्हणजे नाना तोफेवर नव्हते, तळाशी बॉयलरपाशी होते. ट्रंकेच्या बुडाशी नौदलातून मुक्त केल्याचा कागदही सापडला. वरचा भाग वाळवीने खाल्लेला, पण खालची तारीख शाबूत होती. जानेवारी १९४६. बंडाच्या एक महिना आधी नाना घरी आले होते.

आम्ही मामूंना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, तू मास्तर आहेस की फौजदार? मयताबद्दल चांगलेच बोलावे, एवढे तरी तुला शिकवले ना आम्ही?"

शिकवले होते. पण गवाही खरी द्यावी, मग ती आपल्या आईबापांच्या विरुद्ध का जाईना, हेही आपल्याला शिकवलेले आहे. या दोन शिकवणींत भांडण आहे असे आम्हाला पूर्वी कधी वाटले नव्हते.

अम्मींना विचारले, ही बंडाची गोष्ट नाना स्वतः सांगत का? त्या म्हणाल्या, नाही. नाना १९८१ मध्ये गेले. नौदलाचा विषय निघाला की ते फक्त उकाड्याबद्दल बोलत. गोष्ट सुरू झाली १९९३ च्या जानेवारीनंतर. मामू तेव्हा मुंबईत एका चाळीत भाड्याने राहत होते. दंगल ओसरल्यावर कामावर गेले, तर बरोबरचे लोक बोलेनासे झालेले. त्या दिवसांत कधीतरी त्यांनी बापाचा फोटो पाकिटात ठेवायला सुरुवात केली. नुसता फोटो पुरेना, म्हणून बंड आले.

हे ऐकल्यावर मामूंना खोटे म्हणणे आम्हाला जमले नाही. जो माणूस बापाचा फोटो ओळखपत्रासारखा खिशात बाळगतो, त्याच्यापेक्षा त्याच्यावर ती वेळ आणणारे अधिक जबाबदार आहेत. हे मान्य करूनही प्रश्न मिटत नाही. कारण मामूंनी ती गोष्ट भीतीपोटी सांगितली. आम्ही तर तीस मुलांसमोर, पंख्याखाली उभे राहून, टाळ्यांसाठी सांगत होतो.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. मेसोपोटेमियात मेलेल्या, ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जवानांचे स्मारक बसऱ्याला आहे. हिंदी अधिकाऱ्यांची नावे त्यावर कोरली, साध्या शिपायांची मात्र पलटणवार संख्या लिहिली. अशा भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली. ती बातमी वाचून आम्हाला संताप आला होता. पण आम्ही तरी नानांशी काय केले? त्यांनी नाव गाळून आकडा ठेवला. आम्ही नाव ठेवले आणि माणूस बदलून टाकला. जो चार वर्षे पाण्याच्या पातळीखाली, भट्टीच्या तोंडाशी राबला, त्याला आम्ही वर डेकवर आणून तोफेपाशी उभा केला. जणू खाली करत होता ते काम सांगण्याजोगे नव्हते. टॉर्पेडो लागला तर तळातल्या माणसाला वर यायला सर्वांत कमी वेळ मिळतो. नाना रोज त्या शिडीने खाली उतरत होते. कशासाठी? घरी मनिऑर्डर जावी म्हणून, असेच आम्हाला वाटते. पावत्या ट्रंकेत आहेतच.

सुट्टीनंतर वर्गात आम्ही सारे सांगून टाकले. मुले थोडी हिरमुसली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, तो फिर वो मुल्क के लिए लड़े या अंग्रेज़ के लिए?" आम्ही म्हणालो, हिटलर आणि जपान यांच्याविरुद्धच्या लढाईत, इंग्रजांच्या जहाजावर, घरच्यांसाठी. त्याला हे उत्तर पुरेसे वाटले नाही. आम्हालाही नाही. पण याहून छोटे खरे उत्तर आमच्याकडे नव्हते.

फोटोच्या मागे नानांच्या हातची उर्दूतली एक ओळ आहे, आईला सलाम कळवणारी. तिच्याखाली आम्ही पेन्सिलीने लिहिले: स्टोकर, रॉयल इंडियन नेव्ही, जानेवारी १९४६ मध्ये मुक्त. मग फोटो मामूंकडे दिला. त्यांनी चष्मा लावून वाचले, फोटो उलटवला, बाहीवरच्या त्या पंख्यावर बोट ठेवले.

"म्हणूनच अब्बा थंडीतही अंगणात झोपायचे," ते म्हणाले.