शेरा लिहिण्याआधी

पांडुरंगा, बाहेर बाकावर बसलेल्यांचं पोटपाणी आज माझ्या एका ओळीच्या शेऱ्यावर अडलंय. ती ओळ लिहिण्याइतकी अक्कल मला दे.

मनाच्या आजाराने आलेलं दिव्यांगत्व मोजायचा माझ्यापुढचा तक्ता सोपा आहे. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींना ० ते ४ गुण द्यायचे, आजारपणाची वर्षं धरून बेरीज मांडायची. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ४० टक्के भरले की सवलती. तोच माणूस पुढे ‘फिट’ असा शेराही मागायला येतो. एकदा काय जमत नाही ते सांगतो, एकदा काय जमतं ते. दोन्ही वेळा तो खरंच बोलत असतो, हे मला उमजू दे.

या खोलीतून त्याचा लेथ दिसत नाही. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळपाळीला किती उरते, लिथियमने थरथरणाऱ्या हातात मायक्रोमीटर ठरतो का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. बाहेर रांग असली तरी मला विचारू दे. घरात पगार थांबलाय म्हणून मी त्याला घाईने ढकलू नये, आणि उद्या माझ्या अंगाशी येईल म्हणून अडकवूनही ठेवू नये.

जनीकडे तू दळणाच्या लायकीचा दाखला मागितला नाहीस. जात्याचा खुंटा धरलास. मलाही ‘हात लावला तर जमेल’ असं लिहायला शिकव. म्हणजे असं: रात्रपाळी नको, जागरणाने उन्माद उसळतो. सुरुवातीला अर्धा दिवस. रक्त तपासायला सवड. हे वाचून सुपरवायझरने कपाळाला आठ्या घालू नयेत, आणि कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलाशी कुणीतरी बसावं.

नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला २०१६चा कायदा सांभाळतो. आहे ते काम झेपलं नाही तर त्याच पगारावर दुसरं द्यायला लावतो. पण चार घरची धुणीभांडी करणारीला कोण सांभाळणार? ती आजारी पडली की दुसरी बाई लागते. तिची हरकत नसेल तर तिच्या मालकिणीशी दोन शब्द बोलायचा मला कंटाळा येऊ देऊ नकोस.

आणि माझा अंदाज चुकून कुणी पुन्हा आजारी होऊन आलं, तर ‘बघा, झेपलं नाही ना’ असं माझ्या तोंडून निघू नये. जेवढे दिवस काम केलं, त्यात काय काय जमलं, हे मी आधी विचारावं, एवढं कर.